सरावाची खिडकी

१

"मावशी, पासपोर्ट नाहीये."

दारात उभ्या राहिलेल्या सिस्टरने एवढंच म्हटलं आणि हातातली फाइल आईपुढे धरली. आईने नुसतं रोखून पाहिलं तरी पासपोर्ट घाबरून बाहेर येईल, अशी तिची समजूत असावी. आमची दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरची वकिलातीत व्हिसाची मुलाखत होती.

आईने फाइलला हात लावला नाही. "आधी बस. पाणी पी. मग सांग."

माझी आई एका वकिलातीत दुभाषी होती. खिडकीच्या आतल्या बाजूला, अधिकाऱ्याच्या डाव्या हाताला बसून तिने हयात घालवली. लोक काय बोलतात ते ती अधिकाऱ्याला सांगायची, आणि काय बोलत नाहीत ते स्वतःपाशी ठेवायची. निवृत्तीनंतर तिने आमच्या पुढच्या खोलीत सरावाची खिडकी मांडली. बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातली काच आणून मेजावर उभी केली. तिच्या खाली अर्धचंद्राच्या आकाराचं भोक होतं. आत एक खुर्ची. बाहेर खुर्ची नाही, कारण तिथे माणसाला उभंच राहावं लागतं.

मुलाखतीला जायच्या आधी लोक आमच्याकडे यायचे. मोबाइल बाहेर ठेवून यावा लागतो, तपासणीला पट्टा काढावा लागतो, टोकन मिळतं, यंत्रावर बोटं टेकवावी लागतात, हे सगळं आई सांगायची. "वर्षभर तयारी कराल आणि दोन मिनिटांत आटपेल. लग्नासारखंच आहे ते," असंही सांगायची. विचारलं तेवढंच बोलायचं. मागितल्याशिवाय कागद सरकवायचा नाही. आणि सरावाला खरा पासपोर्ट आणायचा, प्रत चालणार नाही. बोटांना त्याची सवय व्हायला हवी.

खऱ्या खिडकीवर पासपोर्ट लगेच परत सरकवला तर नकार समजायचा. होकार असेल तर पासपोर्ट आतच राहतो, व्हिसा चिकटवून नंतर मिळतो. आईने सरावात कुणाला कधीच होकार दिला नाही. प्रत्येकाचा पासपोर्ट ती भोकातून परत ढकलायची आणि म्हणायची, "क्षमस्व." कुणी रुसलं तर म्हणायची, "होकार द्यायला मी कोण? माझ्याकडून नकाराची भीती तेवढी मोडून जा."

सिस्टरला खऱ्या खिडकीवरही एकदा नकार मिळालेला होता. ती इस्पितळात नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणायचे. नवरा परदेशी, लग्नानंतर सहा महिन्यांत गेलेला. त्याच्या कंपनीने बायकोला आणायला या महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. उद्याची तारीख हुकली तर मुदत उलटणार होती, आणि मग किती वर्षं, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

आई उठली, पदराने चष्मा पुसला आणि काचेमागे जाऊन बसली.

"ये समोर," ती म्हणाली. "आज सगळ्यांचीच मुलाखत घेते."

२

"अगं, पोलिसात जायचं सोडून हे काय?" मी आईला हळूच म्हटलं.

"पोलीस अर्ज लिहून घेतील आणि उद्या या म्हणतील. उद्या काय उपयोग?" ती म्हणाली. "आणि माणूस सोफ्यावर बसून छान खोटं बोलतो. उभं केलं की त्याला जड जातं."

सिस्टर काचेपुढे उभी राहिली. तिच्यामागे बाकावर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्या तरी सगळा परिसर त्यांना हेडबाईच म्हणायचा. त्यांच्या समोर मीसुद्धा नकळत पाठ ताठ करायची.

"पासपोर्ट शेवटचा कधी पाहिला?" आईने विचारलं.

"काल दुपारी. इथेच, सरावाला."

"घरी गेल्यावर?"

"फाइल कपाटात ठेवली. मग रात्रपाळीला गेले."

"उघडून पाहिली नाही?"

"नाही. सगळं होतंच ना आत."

"कपाटाला कुलूप?"

"आमच्या घरात कपाटाचं दार लागत नाही मावशी, कुलूप कुठलं."

"तू नसताना फाइल कुणाच्या हातात होती?"

सिस्टरने मागे पाहायचं टाळलं, पण ते टाळणं सगळ्यांना दिसलं. "धाकट्या भाऊजींनी झेरॉक्सला नेली होती. रात्री फाइल घरीच होती. घरात फक्त सासूबाई."

"म्हण, म्हण," हेडबाई बाकावरून म्हणाल्या. "सासूने चोरला म्हण. मालिकांत तसंच असतं."

"मी असं कुठं म्हटलं?"

"तू काहीच म्हणत नाहीस, हीच तर पंचाईत आहे."

आईने बोट वर केलं. हेडबाई गप्प बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना बोट दाखवून गप्प केलं असावं.

"आणि कालचा सराव कसा झाला?" आईने विचारलं. काल ती स्वतः नव्हती. डॉक्टरांनी तिला काही तपासण्यांसाठी बोलावलं होतं. तिच्या खुर्चीवर माझ्या वडिलांचे मित्र, नाटकवाले काका बसले होते. मीही कामावर होते.

"नेहमीसारखाच," सिस्टर म्हणाली. तिने काचेवरचा नसलेला डाग बोटाने पुसला.

आईने तिला बसायला सांगितलं आणि मला आत बोलावलं. स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत ती म्हणाली, "पोरगी सरळ आहे. सगळं खरं बोलली. एक वाक्य सोडून."

"कोणतं?"

"शेवटचं. आणि नेमकं तिथे खोटं बोलायचं तिला काय कारण, तेच मला कळेना."

३

धाकटा दीर इलेक्ट्रिशियन होता. निरोप मिळाला तसा टेस्टर खिशात खोचूनच आला आणि काचेपुढे उभा राहून म्हणाला, "मावशी, मला व्हिसा नकोय. मी इथेच बरा आहे."

"ते माहीत आहे मला. भावानेही इथेच परत यावं, असं तू गल्लीभर सांगत असतोस."

"सांगतो ना. चोरून नाही सांगत." तो हसला, मग वहिनीचा चेहरा पाहून हसू आवरलं. "त्याला तिथे करमत नाही. फोनवर रडतो. बायकोला बोलावण्यापेक्षा स्वतः आला असता तर तिकीट एकच लागलं असतं, एवढंच माझं म्हणणं."

"पासपोर्ट गेला तर तो परत येईल."

"येईल कदाचित," तो म्हणाला. "पण मग तो माझ्याकडे आयुष्यभर काय नजरेने बघेल, मावशी? तेवढी अक्कल आहे मला."

मला तो खरा वाटला. पण रहस्यकथा खूप वाचल्यामुळे मला सगळेच खरे वाटणारे लोक संशयास्पद वाटतात. मी आईकडे पाहिलं. ती त्याने आणलेल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून पानं उलटत होती.

"सगळ्याच्या प्रती काढल्यास?"

"फाइलीत होतं त्या सगळ्याच्या. दोन-दोन."

लग्नाचा दाखला होता. नवऱ्याच्या कंपनीचं पत्र, घराचा करार, इस्पितळाचा दाखला, लग्नाचे फोटोसुद्धा होते. झेरॉक्समध्ये सगळे वऱ्हाडी काळेठिक्कर दिसत होते. आईने गठ्ठा दोनदा पाहिला.

"पासपोर्टची प्रत?"

"पासपोर्ट नव्हताच फाइलीत."

सिस्टर उभी राहिली.

"काल संध्याकाळी नव्हता?" आईने विचारलं.

"नव्हता. मला वाटलं वहिनीने पर्समध्ये ठेवला असेल. आपण कशाला बायकांच्या पर्सचं विचारायचं?"

"कुणालाच विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. वहिनी ड्यूटीला गेली होती, म्हणून घरी फाइल देताना आईला सांगितलं." त्याने बाकाकडे हात केला. "आईला कालच माहीत आहे की."

४

हेडबाई न बोलावताच उठल्या. काचेपुढे येऊन उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधून. शाळेत मुलींना उभं करायच्या तसंच.

"तुम्हाला काल संध्याकाळपासून माहीत होतं," आई म्हणाली.

"होतं."

"सुनेला फोन केला नाहीत."

"नाही केला."

"का?"

मला वाटलं, आता हेडबाई चिडतील. पण त्या अगदी हळू, जवळजवळ काचेलाच सांगावं तशा बोलल्या.

"धाकटा म्हणाला पासपोर्ट नाही, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली सांगू? म्हटलं, चला, चहा दोन कपांचाच राहील, एकटीपुरता टाकायला नको. चिंता नंतर आली. आधी बरं वाटलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्याची वाट अडली म्हणून मला बरं वाटतं, म्हणजे मी आयुष्यभर मुलींना शिकवलं तरी काय? सकाळी ही पाळीवरून आली, तशीच झोपली. उठल्यावर मीच म्हटलं, एकदा फाइल बघून घे."

"हो," सिस्टर मागून म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणूनच उघडली. नाहीतर मी तशीच उद्या तिथे जाऊन उभी राहिले असते."

"मला मोठेपणा देऊ नकोस. उशीर केला मी."

"उशीर केलात. पण सांगितलंत."

सासूसुना एकमेकींकडे बघेनात. धाकटा छताकडे बघत होता. ट्यूबलाइट बदलायला झाली आहे, असं तो उगाचच म्हणाला.

आईने त्यांना तसंच राहू दिलं. मग विचारलं, "काल सरावाला तुम्ही बरोबर होतात?"

"व्हरांड्यात होते. फाइल माझ्या मांडीवर. ही नुसता पासपोर्ट घेऊन आत आली. मागितल्याशिवाय कागद नाही, तुमचाच नियम ना तो?"

"बाहेर आली तेव्हा कशी होती?"

"कशी म्हणजे?" हेडबाईंचा आवाज बदलला. "बाहेर आली ती मला मिठीच मारली. एरवी कधी मारत नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. चांगली दोन्ही हातांनी आवळलं. माझा चष्मा वाकडा झाला, अजून तसाच आहे."

आईने पेन खाली ठेवलं.

"दोन्ही हातांनी?"

"हो."

"हातात काही नव्हतं?"

"काय असणार?"

"कालच्या ड्रेसला खिसा होता तुझ्या?" आईने सिस्टरला विचारलं.

"बायकांच्या कपड्याला खिसा कोण शिवतो मावशी?"

आई खुर्चीत मागे टेकली. मला तिचं ते टेकणं माहीत होतं. शब्दकोडं सुटलं की ती तशीच टेकायची, आणि मग शेवटचे रकाने माझ्यासाठी मोकळे सोडायची.

"हेडबाई," ती म्हणाली, "काल या खुर्चीवर बसलेले साहेब तुम्हाला दिसले होते?"

"दिसले ना, दारातून. अगदी साहेबच. कोटबिट घालून बसले होते."

"कोट," आई म्हणाली. "या उकाड्यात." आणि माझ्याकडे वळून, "काकांना फोन लाव. म्हणावं, वहिनीने बोलावलंय, असाल तसे या."

५

काका येईपर्यंत आईने सिस्टरला पुन्हा काचेपुढे उभं केलं.

"माझ्याकडे तू किती वेळा सराव केलास, ते तुलाच माहीत. दर वेळी मी पासपोर्ट तुझ्या हातात परत दिला. दर वेळी तू तो छातीशी धरून पडक्या चेहऱ्याने बाहेर गेलीस. काल मोकळ्या हातांनी गेलीस आणि सासूला मिठी मारलीस. काकांनी तुला पास केलं ना?"

सिस्टरचे डोळे भरले. "ते म्हणाले, वहिनींना सांगू नकोस. त्यांच्या खिडकीवर कुणाला पास करायची परवानगी नाही म्हणून."

"आणि पासपोर्ट?"

"पासपोर्ट त्यांनी..." ती बोलता बोलता थांबली. तिचा हात आपोआप छातीशी गेला, जिथे इतर वेळी पासपोर्ट असायचा. "त्यांनी ठेवून घेतला. होकार मिळाला की ठेवूनच घेतात ना? मी दोन वर्षं हेच डोळ्यासमोर आणत होते मावशी. खिडकीवरून रिकाम्या हाताने परत यायचं. तसंच झालं. मला ते इतकं बरोबर वाटलं, की..."

"की हा सराव आहे, हेच विसरलीस."

"ते खोटं आहे, असं वाटलंच नाही."

हेडबाईंनी आपला वाकडा चष्मा काढला आणि काचा पुसत बसल्या. बराच वेळ पुसत होत्या.

काका आले ते धापा टाकत. हौशी नाटक मंडळीत ते चाळीस वर्षं होते. तरुणपणी कामं केली, आता कपडेपट सांभाळायचे. मंडळीचे सगळे पोशाख, टोप्या, चष्मे त्यांच्या ताब्यात. परदेशातल्या नातवाला भेटायला म्हणून त्यांनाही व्हिसा हवा होता. वकिलातीने त्यांना तीनदा परत पाठवलं होतं, कारण ते दर वेळी साध्या प्रश्नाला स्वगत म्हणायचे.

"वहिनी, माझी चूक झाली," ते सगळं ऐकून म्हणाले. "पोरीचं तोंड बघवेना. दर वेळी आपलं क्षमस्व, क्षमस्व. म्हटलं, एकदा तरी हो ऐकून जाऊ दे. पण पासपोर्ट मी परत दिला असणार. नाहीतर मेजावर ठेवला असणार."

"मेज मी आल्यावर पुसलं. रिकामं होतं. खण माझ्या कुलपात होता, किल्ली माझ्याजवळ," आई म्हणाली. "भावोजी, कोट कुणाचा होता?"

"मंडळीचा. लॉन्ड्रीतून घेऊन येत होतो, हँगरवरच होता. म्हटलं, अधिकारी व्हायचं तर नीट होऊ. भूमिकेत शिरायला पोशाख लागतो."

"बरं. तुम्ही भूमिकेत आहात. पोरीला हो म्हणालात. आता तो पासपोर्ट तिच्या नजरेआड जायला हवा. मेजावर ठेवला तर तो परत दिल्यासारखा दिसेल. तुम्ही स्टेजवरचे जुने. स्टेजवर हातात आलेला कागद तुम्ही कुठे ठेवता?"

काका उत्तर द्यायला गेले आणि त्यांचा उजवा हात त्यांच्याआधी बोलला. तो उठला, डाव्या छातीवर आला आणि नसलेल्या कोटाच्या आत शिरला. काकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"आतला खिसा," ते म्हणाले. "बंद करायचं बटणसुद्धा लावलं मी. पासपोर्ट महत्त्वाचा म्हणून."

"कोट कुठे आहे?" धाकट्याने विचारलं.

काका मटकन बाकावर बसले.

"पेटाऱ्यात. आणि पेटारा सकाळीच टेम्पोतून गेला. आज संध्याकाळी शेजारच्या गावात प्रयोग आहे."

६

धाकट्याच्या गाडीत आम्ही सहा जण बसलो. त्या गाडीत एरवी वायरींची भेंडोळी असत. हेडबाई पुढे, काका मागे, त्यांच्या मांडीवर एक शिडी. आईला मधे बसवलं. तपासण्यांनी ती थकली होती. मी म्हटलं, तू घरी थांब. ती म्हणाली, "वा. आणि शेवटचं प्रकरण कुणी दुसऱ्याने वाचायचं?"

मंडळीतल्या कुणीही फोन उचलला नाही. प्रयोगाच्या वेळी फोन बंद ठेवायचे, हा नियम काकांनीच घातला होता. रस्त्यावर एके ठिकाणी पूल दुरुस्तीला काढला होता, तिथे आमचा वेळ गेला. पोचलो तेव्हा पडदा वर गेला होता.

"तो बघा," काका अंधारात कुजबुजले.

कोट रंगमंचाच्या मध्यभागी उभा होता. कोटाच्या आत एक तरुण नट होता, तो नायिकेच्या सासऱ्याचं काम करत होता. बोलता बोलता एकदा त्याने छातीवर थाप मारली. सिस्टरने माझं मनगट धरलं.

"मी वर जाते," हेडबाई उठू लागल्या. "सरळ जाते आणि म्हणते, मुला, कोट काढ."

"बसा हो. मध्यंतर होऊ दे," आई म्हणाली. "आता कोट कुठे पळतोय? चारशे माणसं त्याच्यावर नजर ठेवून आहेत. आणि नाटक बरं आहे."

"पण पासपोर्ट त्यातच आहे कशावरून? लॉन्ड्री, टेम्पो, पेटारा..." मी म्हटलं.

"कशावरून ते आत्ता कळेल," काका म्हणाले. "या प्रवेशात तो आतल्या खिशातून मुलाचं पत्र काढून वाचतो."

सासऱ्याने बटण सोडलं, हात आत घातला आणि घडी घातलेल्या पत्राऐवजी एक पासपोर्ट बाहेर काढला.

नट क्षणभर थांबला. बाकीच्या प्रेक्षकांना ते थांबणं भावनेचं वाटलं असेल. मग त्याने पासपोर्ट उघडला, सिस्टरच्या फोटोकडे मायेने पाहिलं, आणि त्या फोटोवरूनच मुलाचं अख्खं पत्र खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं. तीर्थरूप बाबांपासून तुमचा आज्ञाधारकपर्यंत, एक शब्द न चुकता. शेवटी पासपोर्ट मिटून हळुवारपणे खिशात ठेवला आणि बटण लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पोरगा तयार आहे," काका डोळे पुसत म्हणाले.

सिस्टर हसायला लागली. तिला ते थांबवता येईना. हेडबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला, पण त्यांचेही खांदे हलत होते. माझी आई पुढे झुकून, गुडघ्यावर कोपरं टेकून, नाटकात पूर्ण बुडाली होती. तिचा तो चेहरा मी अजून रोज आठवते. कुठल्याही फोटोत ती तशी आलेली नाही.

७

सकाळी वकिलातीत सोबतच्यांना आत सोडत नाहीत. आम्ही समोरच्या फुटपाथवर थांबलो. आई, हेडबाई आणि मी. सिस्टरचा मोबाइल हेडबाईंच्या हातात होता. नवऱ्याचे निरोप एकामागून एक येत होते, आणि त्या प्रत्येकाला मोठ्याने "अजून नाही रे" म्हणत होत्या, पण लिहीत काहीच नव्हत्या.

सिस्टर बाहेर आली ती धावत नाही, रोजच्यासारखी चालत आली. आमच्याजवळ येईपर्यंत तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग म्हणाली, "मिळाला."

"काय विचारलं?" आईला तेच आधी हवं होतं.

"आपण केलेलं काहीच विचारलं नाही मावशी. एवढंच विचारलं, तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात काय करणार? मला काही सुचेना. मी म्हटलं, झोपेन. तीन वर्षं रात्रपाळी आहे. तो बाई-अधिकारी हसली आणि म्हणाली, नीट झोप."

"तो की ती?" हेडबाईंनी विचारलं. शाळा सुटली तरी शाळा सुटत नाही.

"ती."

आई खूश झाली. उत्तर लहान होतं, खरं होतं, आणि तिने शिकवलेलं नव्हतं. यापेक्षा शिकवणाऱ्याला काय हवं, असं ती घरी येईपर्यंत दोनदा म्हणाली.

सिस्टर महिनाअखेरीच्या आत गेली. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. त्या तपासण्यांत जे निघालं ते वेगाने वाढलं. शेवटपर्यंत तिचं डोकं साफ होतं, आणि तिला भेटायला आलेल्या माणसांची ती आपल्या पद्धतीने मुलाखतही घ्यायची. खोटा धीर देणाऱ्याला लगेच ओळखायची. मग आम्ही कुणी तिला खोटा धीर दिला नाही. त्यामुळे ते दिवस वाटले होते त्यापेक्षा बरे गेले.

काच मी काढली नाही. लोक येतच राहिले, आणि आतल्या खुर्चीवर मी बसू लागले. काका येतात. प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्यायला ते शिकलेत, वाक्य मात्र अजून परिच्छेदाएवढं असतं.

आई गेल्यावर पहिल्या मंगळवारी हेडबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या आणि माझ्याबरोबर जेवल्या. पुढच्या मंगळवारीही आल्या. आम्ही त्याबद्दल काही ठरवलं नव्हतं. जेवताना त्या आईबद्दल बोलत नाहीत, मीही नाही. आम्ही पुस्तकांबद्दल भांडतो. त्यांना शेवट आधी वाचायची सवय आहे, ते मला पटत नाही.

परवा त्या डब्याबरोबर पासपोर्टही घेऊन आल्या. सिस्टरला दिवस गेलेत. तिने सासूला बाळंतपणाला बोलावलंय, तीन महिन्यांसाठी. धाकटा विमानतळावर सोडायला तयार आहे, रडणार नाही असंही म्हणालाय.

मी काचेमागे बसले. हेडबाई समोर उभ्या राहिल्या, हात पाठीमागे.

"कशासाठी जाताय?"

"नातवंडासाठी."

"किती दिवस?"

"तीन महिने."

राहायच्या सोयीचं विचारलं, खर्चाचं विचारलं. त्यांची उत्तरं नेमकी होती. मग मी तो प्रश्न विचारला ज्याला वयस्क माणसं हमखास अडखळतात, कारण त्यांची सगळी माणसं तिकडे असतात.

"तुम्ही परत का याल?"

हेडबाई अडखळल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सोप्या गणिताला हात वर न करणाऱ्या मुलीकडे बघावं.

"मंगळवारी जेवायला जायचं असतं मला," त्या म्हणाल्या. "एका ठिकाणी."

मी मान खाली घालून मेजावरचं पेन सरळ केलं. त्या काचेकडे झुकल्या.

"हे साहेबाला चालेल का ग?"

"खरं आहे का?"

"आहे की."

"मग चालेल," मी म्हटलं, आणि पुढचा प्रश्न विचारला.